वसईचे विजेते चिमाजी अप्पा

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यातील चिमाजी अप्पांच्या पुतळ्यास पुष्पहार पडतात, भाषणे होतात, तरुण मंडळी जयघोष करतात, आणि पुढे वर्षभर किल्ल्यात पूर्ववत शांतता नांदते. हे होऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सुमारे दोनशे वर्षांची फिरंगी सत्ता ज्या पुरुषाने या किनाऱ्यावरून उठविली, त्याचे स्मरण वर्षातून एक दिवस तरी व्हावे हे उचितच होय. परंतु अशा प्रसंगी अप्पांचे जे चित्र वक्त्यांच्या तोंडून रंगविले जाते त्यात हातातली तलवार तेवढी ठळक असते. त्यांचा कान कोठेच दिसत नाही. आमच्या अल्प समजुतीप्रमाणे वसई घेतली ती अप्पांच्या तलवारीने जितकी, तितकीच त्यांच्या कानाने घेतली. आणि त्यांच्या आयुष्यात जे एक शल्य राहून गेले, तेही तो कान जेथे बंद राहिला त्या ठिकाणचेच आहे. म्हणून त्यांचे चरित्र या दृष्टीने आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अप्पांचा जन्म 1707 च्या सुमाराचा. बाळाजी विश्वनाथ भट पेशवे व राधाबाई यांचे हे धाकटे पुत्र. 1720 साली बाळाजीपंत वारले आणि पेशवाईची वस्त्रे थोरल्या बाजीरावांस मिळाली, तेव्हा अप्पांचे वय तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढील वीस वर्षे या दोघा भावांनी एक संसार चालवावा तशी पेशवाई चालविली. बाजीराव घोड्यावर आणि मुलखाबाहेर. अप्पा बहुधा पुण्यास, सातारच्या दरबारातील मने सांभाळीत आणि भावाच्या मोहिमांनी वाढलेल्या कर्जाची तोंडमिळवणी करीत. प्रकृती प्रथमपासून नाजूक. त्यामुळे अप्पा म्हणजे घरात बसून हिशेब पाहणारे गृहस्थ असा कोणाचा समज झाल्यास नवल नाही, पण तो समज खोटा आहे. 29 नोव्हेंबर 1728 रोजी माळव्यात अमझेऱ्याजवळ बादशाही सुभेदार गिरधर बहादुर व त्याचा भाऊबंद दया बहादुर यांस ज्या फौजेने रणात पाडले, ती फौज अप्पांची होती. एप्रिल 1736 मध्ये रेवसच्या बाजूस जंजिऱ्याचा शूर सरदार सिद्दी सात पडला, तोही अप्पांशीच लढताना. तेव्हा वसईच्या कामावर ते नेमले गेले ते काही पुतणेपणाच्या वा भाऊपणाच्या जोरावर नव्हे.

आता वसईकडे वळू. 1534 साली गुजराथचा सुलतान बहादुरशहा याने वसई फिरंग्यांस दिली. वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे झाले; साष्टी, ठाणे, चौल, माहीम, तारापूर, दमण ही सारी त्याच प्रांतात मोडत. वसईच्या कोटात दगडी वाडे, मठ, चर्चे आणि जहाजे बांधण्याची जागा होती. येथल्या लाकडाचा व दगडाचा मोठा व्यापार चाले. या वैभवाची दुसरी बाजू आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. हिंदूंची देवळे पाडली गेली, सणवार व लग्नकार्ये उघडपणे करण्यास बंदी झाली, पोरक्या मुलांस धर्मांतरासाठी ताब्यात घेण्याचे कायदे झाले आणि गोव्याच्या धर्मन्यायासनाचा धाक सर्वांच्या डोक्यावर राहिला. राज्यकर्त्याने रयतेच्या देवघरात शिरू नये हा साधा नियम लिस्बनच्या दरबारास उमगला नाही. त्याची किंमत त्या राज्याने पुढे भरली.

ती किंमत वसूल करण्याची सुरुवात कोणी केली? फौजेने नव्हे. भिवंडीजवळील अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, या साष्टीच्या रहिवाशांनी केली. अंताजीपंत हे वतनदार. धर्मकृत्यांवरील बंदी त्यांनी मानली नाही म्हणून वतन गेले, आणि गोव्याच्या न्यायासनापुढे नेले असता तेथून ते निसटले, अशी हकीकत सांगतात. गंगाजी नाईक व अंताजीपंत निरनिराळ्या ज्ञातींचे होते. परंतु दोघांची तक्रार एकच होती, आणि दोघांनीही ती पुण्यास नेली. एकदा नव्हे, अनेक वर्षे. पेशव्यांचे लक्ष कधी माळव्यात, कधी निजामाकडे, कधी जंजिऱ्यावर. साष्टीच्या या लोकांनी मात्र खेपा घालणे सोडले नाही. ते नुसती तक्रार घेऊन जात नव्हते. कोणत्या खाडीस कोणत्या भरतीला उतार मिळतो, कोणत्या चौकीवर किती माणसे असतात, दारूगोळा कोठे साठविला आहे, कोणता पाटील मनातून आपला आणि कोणता भीतीने त्यांचा, ही सारी माहिती ते जमवीत व पोहोचवीत.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस या गोष्टीचे मोल निराळे सांगणे नलगे. मालाची बातमी दोन दिवस आधी मिळाली तर पेढी तरते, दोन दिवस उशिरा मिळाली तर बुडते. आणि बातमी आणणारा आपल्या दारी आला असता त्यास ओटीवर बसवून ऐकून घेणारा धनी शंभरात एखादाच असतो. अप्पा तसे धनी होते. पेशव्याच्या भावाने साष्टीतल्या एका नाइकाचे बोलणे मन लावून ऐकावे, त्यावर योजना बेतावी आणि ती गुप्त ठेवावी, याला मन मोठे लागते. जी माहिती वरून खाली यावी असे दरबारी लोकांस वाटते ती पुष्कळदा खालूनच वर येत असते, हे अप्पांनी ओळखले.

ठाण्याचा कोट त्या वेळी बांधला जात होता व काम पुरे झाले नव्हते. तो पुरा झाला असता साष्टीची किल्ली कायमची फिरंग्यांच्या कमरेला राहिली असती. कोट अपुरा आहे हे स्थानिक लोकांस ठाऊक होते, म्हणून ते अप्पांसही कळले. 1737 च्या मार्च अखेरीस, अंजूरकर मंडळींच्या वाटाडेपणाने खाडी ओलांडून मराठे ठाण्यावर जाऊन पडले, आणि कोट हाती आला. तिकडे त्याच सुमारास बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले होते! एका भावाने बादशहाच्या राजधानीस हादरा द्यावा आणि दुसऱ्याने त्याच दिवसांत कोकणात फिरंगी सत्तेचा दरवाजा उघडावा, असा योग आमच्या इतिहासात पुनः आला नाही. अर्नाळा बेटही याच मोसमात मराठ्यांकडे आले, व तेथे नवा किल्ला उठला. तो आजही विरारच्या पश्चिमेस समुद्रात उभा आहे.

वसई मात्र पडली नाही. 1737 च्या पावसाळ्यात व त्यानंतर मराठ्यांनी शिड्या लावून कोटावर चढण्याचे प्रयत्न केले. ते सारे फसले व माणसे मेली. वसईचा कोट ठाण्याच्या कोटासारखा नव्हता. तीन बाजूंस समुद्र, खाडी व दलदल, चौथी उत्तरेची बाजू तेवढी जमिनीची, आणि तिच्यावर भक्कम बुरूज. त्यातच वर्षअखेर निजाम बाजीरावांवर चालून गेला. भोपाळच्या त्या प्रसंगी अप्पांस तापीच्या काठी पहारा करीत राहावे लागले. वसईच्या भोवती शंकराजी केशव फडके, खंडोजी माणकर आदी सरदार चिकटून राहिले एवढेच. या दिवसांतील चिकाटीस आमच्या मते विजयाइतकेच महत्त्व आहे. परंतु तीत पोवाड्यास विषय नसल्यामुळे लोक ती विसरतात.

बातमीचा प्रताप दुसऱ्या एका प्रसंगी दिसला. 1738 च्या अखेरीस फिरंग्यांनी ठाणे परत घेण्याचा बेत केला. त्यांचा सेनापती पेद्रु द मेलु गलबते घेऊन खाडीत आला. पण मराठे तोफा सज्ज करून वाट पाहतच होते. सेनापती तोफेच्या माऱ्याने ठार झाला व बेत तेथेच संपला. ही बातमी मराठ्यांस मुंबईच्या इंग्रजांकडून पोहोचली होती असे इतिहासकार सांगतात. इंग्रज व फिरंगी एकाच येशूचे उपासक. तथापि शेजाऱ्याची पेढी बुडाली तर गिऱ्हाईक आपल्याकडे येईल हा हिशेब धर्मबंधुत्वावर मात करून गेला. ही लढाई निव्वळ दोन धर्मांची होती असे मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. गोव्याहूनही कुमक येणे शक्य नव्हते. कारण 1739 च्या आरंभीच व्यंकटराव घोरपडे, म्हणजे पेशव्यांचे मेहुणे, गोव्याच्या हद्दीत शिरून त्यांनी मडगाव घेतले होते.

जानेवारी 1739 पासून अप्पा स्वतः उत्तर कोकणात उतरले. केळवे, माहीम, शिरगाव, डहाणू ही ठाणी एकामागून एक आली. तारापूरास कडवी झुंज झाली व तीत बाजी भिवराव रेठरेकर पडले. हे पेशव्यांच्या घरच्या माणसासारखे. त्यांच्या मातोश्रींस सांत्वनाचे जे पत्र पेशव्यांच्या घरून गेले ते आजही वाचणाऱ्याचे डोळे ओले करते. फेब्रुवारीच्या मध्यास अप्पा वसईसमोर भद्रापुरास येऊन राहिले. मार्चमध्ये खाडीपलीकडील धारावीचे ठाणे व नंतर वेसावे पडले, आणि वसईचा गळा आवळला गेला. कोटातील लोकांनी चर्चची चांदी व पितळी तोफा तारण ठेवून मुंबईकर इंग्रजांकडून कर्ज काढले, यावरून त्यांची स्थिती काय झाली असेल ते वाचकांनीच ताडावे.

अप्पांसही उसंत नव्हती. मार्च महिन्यात नादिरशहा दिल्लीत शिरला व तेथे कत्तल झाली. तो दक्षिणेस येतो की काय, या चिंतेत बाजीराव बऱ्हाणपुराकडे बसून भावाची वाट पाहत होते. पावसाळा तोंडावर आलेला. अशा वेळी घाई करणारा सेनापती पुनः शिड्या लावून माणसे मारवितो. अप्पांनी शिड्यांऐवजी जमिनीखालून जाण्याचा मार्ग धरला. वाळूच्या व चिखलाच्या भूमीत, वरून गोळ्यांचा व पेटत्या दारूचा वर्षाव होत असता, उत्तरेच्या तटाखाली सुरुंग खणले गेले. फिरंग्यांनीही उलट खणून काही निकामी केले. मेच्या आरंभी सुरुंग उडाले, सेबास्तियन व रेमेदियस या बुरुजांकडे खिंडारे पडली आणि मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासह सारी फौज तुटून पडली. परंतु काही सुरुंग मागाहून उडाले व खिंडारात शिरलेली आपलीच माणसे त्यात भाजून निघाली. ब्रह्मेंद्रस्वामींस अप्पांनी या लढाईचा जो वृत्तान्त लिहून पाठविला त्यात ही हानी त्यांनी लपविलेली नाही. जिंकल्यावर आपली चूक व आपले मेलेले मोजणारा सेनापती आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. मराठ्यांचे पाच हजारांवर लोक पडले व जखमी झाले असे सांगतात; फिरंग्यांचे सुमारे आठशे. आपले डोके तोफेत घालून किल्ल्यात टाका असे अप्पा म्हणाल्याची दंतकथा प्रसिद्ध आहे. ती ज्यास हवी त्याने मानावी. पाच हजारांचा आकडा पुरेसा बोलका आहे.

खिंडार पडले, मारा चालू राहिला आणि कायतान द सौझा परेरा याने तहाचे बोलणे लाविले. जुन्या पंचांगाप्रमाणे 12 मे व नव्या गणनेप्रमाणे 23 मे 1739 रोजी किल्ल्यावर भगवे निशाण चढले. ज्या शत्रूने पाच हजार माणसे खाल्ली त्यास मराठ्यांनी शस्त्रांसह, नगारे वाजवीत व निशाणे फडकवीत बाहेर जाऊ दिले. रहिवाशांस चीजवस्तूसह जाण्यास मुदत दिली. जे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. दोन शतकांच्या जाचाचा सूड उगविण्याची संधी हाती असता हा करार झाला, आणि तो अप्पांच्या शब्दावर झाला. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरास, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात व वाईजवळ मेणवलीस दिसणाऱ्या मोठ्या घंटा त्यांपैकीच होत असे परंपरा मानते. वज्रेश्वरीचे देऊळही या विजयाच्या नवसाचे. घंटा नेल्या गेल्या हे जसे खरे, तसेच माणसांस राहू दिले हेही खरे. दोन्ही सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

येथे आमच्या काही तरुण मित्रांस दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. वसईच्या विजयाचे नाव घेऊन आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यास टोचून बोलण्याची खोड अलीकडे कोठे कोठे आढळते. हे शेजारी कोण? पापडी, निर्मळ, गिरीज, नंदाखाल या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानमळे व फुलझाडे पिकविणारे, घरात सामवेदी व वाडवळी मराठी बोलणारे, याच मातीचे लोक. ज्या दिवशी फिरंगी नगारे वाजवीत गलबतावर चढले त्या दिवशी यांचे पूर्वज येथेच राहिले, आणि त्यांनी राहावे असा करार खुद्द अप्पांनी केला. अप्पांच्या पुतळ्यास हार घालायचा आणि अप्पांनी दिलेला शब्द पायदळी तुडवायचा, ही कोणत्या प्रकारची भक्ती म्हणावी?

विजयानंतरचा काळ थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी ताबडतोब आपला कप्तान इंचबर्ड वसईस अप्पांकडे पाठविला व जुलै 1739 मध्ये व्यापाराचा तह करून घेतला. जिंकणाऱ्याशी सलोखा करण्यास त्यांस दोन महिनेही लागले नाहीत. वसईचा कारभार शंकराजी केशवांकडे आला व नगरास काही काळ बाजीपूर म्हणू लागले. 1740 साली चौलही फिरंग्यांनी सोडले. उत्तरेकडे त्यांजवळ दमण व दीव तेवढे उरले. गंगाजी नाइकांच्या घराण्याने आपल्या कामगिरीची हकीकत लिहून जपली, म्हणून आम्हांस ती आज कळते. ती जपली नसती तर मोहिमेच्या कागदांतून सरदारांची नावे राहिली असती आणि खाडीचा उतार दाखविणारा हात कोणाचा हे कोणास ठाऊक झाले नसते.

आता आम्ही आरंभी ज्या शल्याचा उल्लेख केला त्याकडे येतो. पुष्कळ चरित्रकार हा भाग दोन ओळींत आटोपतात. आम्हांस तसे करवत नाही. ज्या 1739 सालात अप्पांनी वसईच्या ख्रिस्ती रयतेस धर्माची मोकळीक दिली, त्याच सालाच्या अखेरीस पुण्यात मस्तानीस बाजीरावांपासून तोडण्याची खटपट चालली होती, आणि तीत मातोश्री राधाबाई व पुतणे नानासाहेब यांच्याबरोबर अप्पाही होते. बाजीराव मोहिमेवर असता त्या स्त्रीस कैदेत ठेवण्यात आले. तिचा अपराध कोणता? ती मुसलमानी रिवाजात वाढली व पेशव्याच्या मनास आवडली, एवढाच. 1740 च्या आरंभी पेशव्यांच्या वाड्यात मुंजी-लग्नाचे समारंभ झाले. घरचा कर्ता पुरुष बाजीराव त्यांस हजर नव्हता. पुढे नासिरजंगावरील मोहिमेत दोघे भाऊ एकत्र आले, शत्रू नमला व मुंगीशेवगावचा तह झाला. त्या भेटीत भावाच्या मनाची दशा अप्पांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांची घालमेल तेव्हाच्या पत्रव्यवहारातून दिसते. मस्तानीस सोडण्याचा विचारही मनात येऊन गेला. पण सोडले नाही. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीस बाजीराव वारले. अप्पा त्या वेळी नानासाहेबांसह कुलाब्याकडे आंगऱ्यांच्या भाऊबंदकीत गुंतले होते. बातमी त्यांस तेथे पोहोचली.

ज्याने परक्या रयतेचे गाऱ्हाणे दहा खेपांनंतरही ऐकले त्याने स्वतःच्या भावाचे का ऐकले नाही, असा प्रश्न आम्ही स्वतःस पुष्कळ वेळा विचारला आहे. फिरंगी धर्मवेड्यांस जे अप्पांनी रणात शिकविले, की दुसऱ्याच्या देवघरात व अंतःकरणात बळाने शिरू नये, ते पुण्याच्या वाड्यात त्यांस स्वतःस पाळवले नाही. याचा अर्थ अप्पा ढोंगी होते असा नव्हे. रूढीचा वेढा वसईच्या वेढ्याहून कठीण असतो आणि त्यास बाहेरून सुरुंग लागत नाहीत. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुलांमुलींच्या लग्नसंबंधावरून आज जे रुसवे, बहिष्कार आणि कोंडमारे चालतात, ते करणारे वडीलही बहुधा बाहेर मोठे उदार व सचोटीचे गृहस्थ असतात.

भावामागे अप्पा आठ महिनेही जगले नाहीत. आधीच नाजूक असलेली प्रकृती खालावत गेली व 17 डिसेंबर 1740 रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय तेहेतीसच्या आसपास. मुळेच्या काठी नव्हे, मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या देवळापाशी त्यांची समाधी आहे; पुण्यास जाणाऱ्या वसईकरांनी ती अवश्य पाहावी. त्यांची प्रथम पत्नी रखमाबाई दहा वर्षांपूर्वी, पुत्र सदाशिवराव जन्मल्यावर महिन्याभरातच वारली होती. दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई त्यांच्याबरोबर सती गेली. तीस परावृत्त करण्यास वाड्यातील ज्येष्ठांचे शब्द पुरे पडले नाहीत की ते उच्चारलेच गेले नाहीत, याचा विचार करीत आम्ही ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर एकदा बराच वेळ बसलो होतो.

मागे राहिला तो दहा वर्षांचा सदाशिव. जन्मदात्री त्याने पाहिली नव्हती, सावत्र आई चितेवर गेली, बाप व चुलता एका वर्षात गेले. त्यास आजी राधाबाईंनी वाढविले. आणि वीस वर्षांनी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर तो पडला.